काळ्या पट्टीवरचं पाणी

आज आमच्या गल्लीचा पाण्याचा वार आहे. म्हणजे असावा. मागच्या वेळी कधी आलं होतं ते आठवून आठवून मी सकाळपासून नळाखाली बादली लावून बसले आहे, आणि बसल्या बसल्या हे लिहिते आहे. पाणी यायच्या आधी नळातून हवा येते, फुस्स करून, मांजर फिसकारावं तशी. ती ऐकू आली की हातातलं असेल ते टाकून उठायचं, ही सवय या शहरानं मला लहानपणी लावली, ती अजून सुटली नाही. शहराचं नाव बदललं, क्रांती चौकावरून पूल गेला, माझे गुडघे गेले, नळाचं मात्र जे होतं तेच आहे. तेव्हा मध्येच कुठं हे लिहिणं तुटलं, तर बाई लिहायला कंटाळली असं समजू नका. कंटाळा आहेच, पण तो वेगळा.

आमच्या घराची मागची भिंत खदानीला लागून होती. खदान म्हणजे खरोखरची खदान, दगड काढून झाल्यावर राहिलेला खड्डा. तो कुणीतरी कधीतरी बुजवला. पलीकडचा सगळा भाग मुरमानं बुजवला आणि बहुतेक मुरूम संपला असावा, कारण आमच्या भिंतीकडची लांबलचक पट्टी कुठल्याशा तळ्यातल्या काळ्या मातीनं भरली. दोन्ही टोकांना लोखंडी पाइपाचे गोल उभे राहिले आणि ते सितारा इलेव्हनचं घरचं मैदान झालं. गवताची काडी नव्हती तिथं. होता तो फुफाटा. कुणी कॉर्नर मारला की आधी चेंडू दिसायचा आणि बऱ्याच वेळानं मारणारा. बाहेरगावचे संघ आले की पहिला अर्धा तास नुसते डोळे चोळत उभे राहायचे, आणि तेवढ्यात आमची पोरं दोन गोल करून मोकळी व्हायची. पण फुफाटा काही घरचा-बाहेरचा ओळखत नाही. आमच्याही पोरांच्या छातीत तो जायचाच. म्हणून शिंपण निघालं.

मॅचच्या दिवशी दुपारी रहीम उस्ताद वस्तीतून चक्कर मारायचे. उस्ताद म्हणजे क्लबचे सर्वेसर्वा. पोरांना शिकवायचे तेच, चेंडूचं पंक्चर काढायचे तेच, रेफरीशी भांडायचेही तेच. त्यांच्या गळ्यातली शिट्टी वाजली की घराघरातले बाप्ये आणि पोरं डबा, घागर, बादली, जे हाताला लागेल त्यात पाणी घेऊन मैदानावर जायची आणि मुरमावर शिंपायची. हेच आमच्या मैदानाचं तिकीट. ज्याच्या घरचं पाणी पडलं तो मानानं बसायचा. नळाला पाणी नसलेल्या आठवड्यात कुणी डब्याच्या बुडाशी चार ओंजळी आणायचा आणि त्या टाकून, मिशीला पीळ देत पुढच्या रांगेत जागा धरायचा. शिंपून झालं की डबे रिकामे, आणि रिकामे डबे म्हणजे वाजवायला मोकळे. तेलाचे पत्र्याचे डबे गुडघ्यात धरून माणसं असं काही बडवायची की आमच्या घरातल्या फडताळावरची भांडी किणकिणायची. शिंपणाचा एकच नियम होता. काळ्या पट्टीवर थेंब पडू द्यायचा नाही. काळी माती वरून जराशी जरी भिजली तरी साबण होते. हे शिंपणाऱ्यांना पाठ होतं, त्यामुळं कुणी कुणाला सांगायचा प्रश्नच यायचा नाही.

आमची माय या सगळ्याच्या विरुद्ध होती. सार्वजनिक नळावर भांडून, डोक्यावर वाहून आणलेलं पाणी मातीत ओतायचं म्हणजे या बाप्यांची डोकी फिरली आहेत, असं तिचं स्पष्ट मत होतं आणि ते ती अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, रोज भाकरीबरोबर वाढायची. अण्णा गिरणीत होते. दिवसभर तिथला भोंगा आणि यंत्रं ऐकून आलेले असायचे, त्यामुळं तिचं ते मत त्यांच्या कानाच्या अलीकडंच राहायचं. पण वस्तीत नाक राहावं म्हणून पाणी तर द्यावं लागे. तेव्हा माय भांडी घासल्याचं पाणी द्यायची. मी ते भिंतीवरून अण्णांच्या हाती द्यायची. आमचा गोलकीपर आडवा पडून उठला की त्याच्या पाठीला भाताची शितं चिकटलेली असायची, आणि सगळ्या मैदानाला ती कुणाच्या घरची ते कळायचं. माय स्वतः कधी मैदानावर गेली नाही. बाया जात नसत. मी भिंतीलगतच्या दगडावर चढून पाहायची, तेवढंच. पण ती आत ठेचा रगडताना डब्यांच्या आवाजावरून सांगायची, आता आपला गोल झाला, आता त्यांचा झाला, आता उस्ताद रेफरीच्या अंगावर गेले. तिचं चुकलेलं मला आठवत नाही. जिंकलो की उस्तादांच्या घरून नान आणि मटणाच्या खलियाची पातेली यायची, आणि मैदानाला नावं ठेवणारी ही बाई नानचा तुकडा त्या रश्श्यात बुडवून सावकाश, डोळे मिटून खायची.

तिचा खरा राग होता तो सिद्धूमुळं. सिद्धू माझा पाठचा भाऊ, सिताराचा उजवा विंगर. नुसत्या हाडांचा पोरगा, पण पळायला लागला की मागचा माणूस शिव्या द्यायला लागायचा. त्याला फुफाटा बाधायचा. मॅच झाली की रात्रभर खोकायचा, आणि माय ओवा घातलेलं कोमट तेल त्याच्या छातीला चोळत बसायची. चोळता चोळता मैदानाचा उद्धार करायची. पण त्याला खेळू नको, असं ती एकदाही म्हणाली नाही. कारण त्या सुमारास एक गोष्ट ठरत आली होती. पुण्याच्या कुठल्याशा कारखान्याचा फुटबॉलचा संघ होता, चांगल्या खेळाडूला ते कायमची नोकरी द्यायचे, आणि त्यांचा एक साहेब कपच्या फायनलला आमच्या मैदानावर येणार होता. उस्तादांनी घरी येऊन, चहाची बशी हातात धरून सांगितलं की तो दुसऱ्या कुणासाठी येत नाही, सिद्धूसाठी येतो आहे. अण्णांची गिरणी तेव्हा आज बंद, उद्या चालू अशी गचके खात होती. घरात याच्यापेक्षा मोठं दुसरं काही होण्यासारखं नव्हतं. मायनं त्या दिवशी बशीत दुसऱ्यांदा चहा ओतला.

फायनल ऐन उन्हाळ्यात आली. समोर शेजारच्या कन्नड गावचा संघ. आणि नळाला कितीतरी दिवस पाणी नाही. वस्तीतले रांजण कोरडे, लोक अंघोळीला सुट्टी देऊन बसलेले. उस्तादांनी सकाळीच फिरून सांगितलं की आज शिंपण नको, कुणी लाजू नये, पोरं फुफाट्यात खेळतील. माणसं मान खाली घालून हो म्हणाली. आमच्याकडं पितळेचे दोन हंडे होते, मायच्या लग्नातले, त्यात प्यायचं पाणी फडक्यानं झाकून ठेवलेलं असायचं. त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. सकाळी भाकरी थापताना मायनं मला विचारलं, सिद्धू पळतो कुठून. मी म्हटलं, आपल्याच भिंतीकडून, हाफ होईस्तोवर. मग बाजू बदलतात. ती बरं म्हणाली आणि भाकरी उलटली. मी पुढं काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आता वाटतं, पण वयाच्या त्या टप्प्यावर आईच्या मनात काय आहे हा विचार कोणती पोरगी करते?

दुपारी मैदान भरलं. आमच्या भिंतीची सावली पडते तिथं साहेबासाठी खुर्ची टाकली होती. माणसं कोरडे डबे घेऊन आली होती, नुसते वाजवायला. तेवढ्यात आमचं मागचं दार उघडलं आणि माय बाहेर आली. कमरेवर एक हंडा, डोक्यावर एक. पदर खोचलेला. जन्मात पहिल्यांदा ती त्या मैदानावर पाय ठेवत होती. तिनं हंडे खाली ठेवले, तांब्या बुडवला आणि अंगणात सडा टाकावा तसं वाकून, मागं सरकत सरकत, नीट आखल्यासारखं पाणी टाकायला लागली. काळ्या पट्टीवर. तिचा लेक जिथून पळणार होता, बरोबर तिथं. तिला बघून शेजारच्या बाया आपापल्या दारातून निघाल्या. कुणाच्या हातात कळशी, कुणाच्या हातात नुसती चरवी. घरातलं शेवटचं पाणी घेऊन त्या आल्या आणि सगळी पट्टी त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत भिजवली.

मी दगडावरून बघत होते. शंभर तरी माणसं असतील, आणि त्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं की हे चुकतंय. अण्णा गुडघ्यात डबा धरून बसले होते, ते अर्धे उठले आणि तसेच राहिले. उस्तादांचा हात शिट्टीकडं गेला आणि खाली आला. कुणी बोललं नाही. कसं बोलणार? जी बाई सगळ्या वस्तीत मैदानाला नावं ठेवायची, ती आपल्या घरचं प्यायचं पाणी घेऊन आली होती. तिला भर लोकांत थांबवायचं, तुझं चुकलं म्हणायचं, हे त्या माणसांना जमलं नाही. मी आयुष्यात पुष्कळ दुष्ट माणसं पाहिली, त्यांचं वागणं समजतं तरी. या भल्या माणसांच्या गप्प बसण्याचं मी काय करू, हे मला अजून कळलेलं नाही. दोन्ही हंडे पालथे करून माय दारात जाऊन उभी राहिली. आत गेली नाही. डबे वाजायला लागले.

सिद्धू पहिल्याच धावेला घसरला आणि सावरला. मला ते दिसलं, उस्तादांनाही दिसलं. चेंडू बाहेर गेला तेव्हा त्यांनी त्याला जवळ बोलावलं आणि पलीकडं, मुरमाकडं हात दाखवून काहीतरी सांगितलं. डाव्या विंगला जा, हेच असणार. सिद्धूनं मान हलवली, नाही म्हणून. उस्तादांनी पुन्हा सांगितलं. त्यानं पुन्हा मान हलवली आणि पळत परत भिंतीकडं आला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. साहेबाची खुर्ची याच बाजूला होती. मी मनात म्हटलं, बघा याची अकड, साहेबाच्या नाकासमोर नाचायचंय याला. मग थोड्याच वेळानं त्याला चेंडू मिळाला. कन्नडचा बॅक समोरून येत होता, अजून दोन हात लांब होता. सिद्धूनं आत वळायला उजवा पाय रोवला. तो पाय रोवलाच गेला नाही, नुसता पुढं निघून गेला आणि गुडघा मागं राहिला. डबे एकेक करून बंद झाले.

माय दारातून धावत निघाली होती. उस्ताद तिच्या आधी पोचले. त्यांनी सिद्धूकडं पाहिलं, मायकडं पाहिलं, मग वळून त्या कन्नडच्या पोराकडं बोट केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "टांग मारा उन्ने. सब देखे ना?"

मग अण्णा म्हणाले, "व्हय. म्या बघितलं." आणि मग सगळं मैदान व्हय व्हय म्हणायला लागलं. रेफरीनं शिट्टीसुद्धा वाजवली नव्हती, तो बिचारा सगळ्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. कन्नडचं पोरगं आईची शपथ घेऊन सांगत होतं की मी हातही लावला नाही, रडकुंडीला आलं होतं. त्याच्याच दोन माणसांनी, का कोण जाणे, कदाचित मायला येताना बघून, त्याला दंडाला धरून बाजूला नेलं. माय चिखलात बसली, सिद्धूचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्या पोराच्या सात पिढ्या काढल्या. त्या संध्याकाळी घरात प्यायला पाणी नव्हतं. शेजारी मागायला जावं, तर त्यांच्याकडंही नव्हतं.

गुडघा बसला, पण पळण्यापुरता बसला नाही. साहेब आपला भला माणूस होता, दवाखान्यात येऊन गेला, आणि जाताना आमच्या गोलकीपरला घेऊन गेला. तोच तो, पाठीला शितं चिकटणारा. तो पुण्यातून रिटायर झाला, तिकडं त्याचा फ्लॅट आहे. सिद्धू एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर वॉचमन लागला, बसून करायचं काम म्हणून, आणि जन्मभर बसला. माय मरेपर्यंत कन्नडला शिव्या देत राहिली. कन्नडच्या गाडीत ती बसायची नाही. मला कन्नडचं स्थळ आलं होतं, शाळेत मास्तर होता, दिसायलाही बरा होता. मायनं सांगितलं, त्या गावात माझी पोरगी पडणार नाही. अण्णा खाली बघत सुपारी कातरत राहिले, मी आतल्या खोलीत तोंड दाबून बसले. काय सांगणार होतो आम्ही तिला? एक शब्द तोंडातून निघाला असता तर सगळंच निघालं असतं. सगळ्या वस्तीनं ते जपलं. भांडणाऱ्या बायांनी भांडणातसुद्धा ते काढलं नाही, आणि आमच्या नळावर भांडणात काय काय निघायचं ते मला विचारा. पुढं मी नर्स झाले. मारलेला गुडघा आणि घसरलेला गुडघा मला चांगला ओळखू येतो. घरी आल्यावर मीही कन्नडच्या बॅकला नावं ठेवायची.

पण माझा सिद्धूवरचा राग गेला नाही. मान हलवली होती ना त्यानं? अर्ध्या खेळाची तर गोष्ट होती, तेवढ्यात उन्हानं पट्टी वाळली असती. मायचं चुकलं ते अजाणतेपणी, याचं चुकलं ते अकडीमुळं, असा माझा निवाडा होता. तो मी त्याला कधी ऐकवला नाही, पण घरात भाजीत मीठ जास्त झालं तरी तो माझ्या आवाजात असायचा.

मैदान आता नाही. गेल्या उन्हाळ्यात तिथं पाण्याची टाकी बांधायचं ठरलं आणि भिंतीच्या मागं पत्रे लागले. सिताराचे राहिलेले जुने लोक, कुणी काठी टेकत, कुणी नातवाच्या गाडीवर बसून, सिद्धूकडं आले. म्हणाले, विरोध करू, तू पुढं हो, तुझं नाव आहे. सिद्धू म्हणाला, पाणी येणार असंल तर येऊ द्या. एकानं पत्र्याच्या फटीतून आत बघितलं, काळी माती उकरून ढीग लावला होता तो बघितला, आणि सगळे चहा घेऊन गेले. टाकी झाली. चांगली उंच आहे. तिच्यात पाणी अजून चढलेलं नाही, पाइप यायचा आहे म्हणतात.

ते लोक गेल्यावर माझा तोल गेला. एवढ्या वर्षांचं साचलेलं होतं. मी म्हटलं, तेव्हा ऐकलं नाहीस, आताही तुझंच खरं. तेव्हा उस्ताद हात जोडल्यासारखे सांगत होते आणि तू साहेबाच्या खुर्चीपुढं मिरवायला आलास, स्वतःचा पाय घालवलास, घर बुडवलंस, आणि आता मैदानही देऊन टाक. बरंच बोलले. लिहायला नको तेही बोलले. सिद्धू मागच्या दारात खुर्ची टाकून बसला होता, तो पाय समोरच्या विटेवर लांब ठेवून. त्याची आता तीच जागा आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"खुर्ची कुठली घेऊन बसलीस अक्का," तो म्हणाला. "साहेब तर मला त्या दिवशी दिसलापण नाय."

मग पत्र्यांकडं बघत त्यानं बाकीचं सांगितलं.

"पट्टी वली झालेली मला काय दिसत नव्हती व्हय? पहिल्याच धावंला पाय गेलता. पण माय दारात उभी होती ना. मी पलीकडं गेलो असतो तर तिनं विचारलं असतं, का रं, माझ्या पाण्यावरून का नाय पळाला? मंग कुणीतरी सांगितलं असतं तिला."

मी आत गेले आणि उगाच भांडी लावत राहिले. मायनं जन्मभर कन्नडला शिव्या दिल्या, मी जन्मभर याला मनातल्या मनात दिल्या, आणि हा दोघींच्या मधे पाय लांब करून गप्प बसून राहिला.

आत्ता तो तिकडून हाक मारतोय, अक्का, हवा आली म्हणून. त्याला माझ्या आधी ऐकू येते. पाणी आलं की तो लंगडत येतो आणि आधी मायचे दोन हंडे भरून, फडक्यानं झाकून ठेवतो. बाकीची भांडी मग.